मत कोणास द्यावे?

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गाकरिता पाठ. वाचन : शास्ते, अध्याय ९, वचने १ ते २१.)

सन २०२४ च्या उन्हाळ्यात, लोकसभेच्या निवडणुकीस तीन आठवडे उरले असता, आम्ही मुळशी तालुक्यातील भरे ह्या गावी एका घरी प्रार्थनेकरिता गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा आला, आणि बोलणे त्या दिवसांत जिकडे जायचे तिकडेच गेले. घरातील आजीबाईंनी आम्हांस विचारिले, "साहेब, आजवर मी घड्याळावर शिक्का मारीत आले. आता म्हणतात, घड्याळवाले निराळे आणि तुतारीवाले निराळे. मग मी कोणाची? तुम्ही सांगाल तिथे बोट ठेविते."

आम्ही त्यांस एवढेच म्हणालो की, बाई, प्रार्थना करा, देव मार्ग दाखवील. उत्तर खोटे नव्हते. पण पिरंगुटाकडे परतताना आमचेच मन आम्हांस खाऊ लागले. बाईंनी वाट विचारली होती आणि आम्ही त्यांस हवापाणी सांगून आलो होतो. त्या उत्तराचे ऋण आमच्यावर राहिले आहे. पुढील सार्वत्रिक निवडणूक, लोकसभा मध्येच विसर्जित न झाल्यास, २०२९ मध्ये होईल. प्रचाराचे कर्णे वाजू लागले म्हणजे कोणास काही ऐकू येत नाही. म्हणून हा पाठ आमच्या उपदेशक व मास्तर बंधूंनी शांततेच्या काळातच वर्गात घ्यावा.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, अमक्या पक्षास मत द्या असे आम्ही ह्या पाठात सांगणार नाही, आणि कोणत्याही पाळकाने वा उपदेशकाने ते उपासनेत सांगू नये. ह्याचे एक कारण कायद्यात आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे, उमेदवाराच्या संमतीने कोणी मतदारास असे भासविले की, तू अमक्यास मत न दिल्यास देवाचा कोप होईल किंवा तुझ्यावर धार्मिक ठपका येईल, तर तो भ्रष्ट आचार होतो व त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. धर्म, जात, वंश किंवा भाषा ह्यांच्या नावाने मत मागणे हेही त्याच कलमात येते. हा धर्म उमेदवाराचाच समजावयाचा की मतदाराचाही, असा वाद होता. मुंबईतील सांताक्रूझ येथील १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी ठरविले की, मतदाराच्या धर्माची हाक घालणेही निषिद्धच आहे.

दुसरे कारण आमच्या स्वतःच्या चुकीतले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मंडळीत असता, प्रार्थनामंदिराच्या छपरास पत्रे देणाऱ्या एका उमेदवाराची आम्ही सूचना वाचतेवेळी चार शब्दांनी स्तुती केली. मत द्या असे म्हणालो नाही. पण ऐकणाऱ्यांस कळावयाचे ते कळले. विरुद्ध बाजूस काम करणारे एक कुटुंब पुढच्या रविवारी आले नाही, आणि आम्ही त्या मंडळीत असेपर्यंत ते पुन्हा आले नाही. ते गृहस्थ निवडून आले आणि दोन वर्षांच्या आत त्यांनी पक्ष बदलला. पत्रे राहिले, कुटुंब गेले.

आता वाचनाकडे वळू. गिदोनाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र अबीमलेख आपल्या आजोळी, शखेम नगरात, गेला. सत्तर जणांनी राज्य करावे की एकाने, असे त्याने शखेमकरांस विचारविले, आणि आपण त्यांच्याच रक्ताचे आहो ही आठवण करून दिली. आपला मनुष्य आहे, एवढ्यावरच त्यांचे मन वळले. मग त्यांनी देवळातून चांदीची सत्तर नाणी काढून त्यास दिली. त्या पैशाने त्याने रिकामटेकडी माणसे जमविली आणि आपले सत्तर भाऊ एका धोंड्यावर मारिले. जो लपून वाचला तो धाकटा योथाम गरिज्जीम डोंगरावर चढून झाडांचा दृष्टान्त सांगू लागला. जैतून, अंजीर व द्राक्षवेल ह्यांनी राजेपण नाकारिले, कारण प्रत्येकास आपापले काम होते. अखेर काटेरी झुडपास विचारिले. ते लागलेच कबूल झाले आणि सर्वांस आपल्या सावलीत बोलावू लागले. काटेरी झुडपास सावली कितीशी असते, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको.

हा दृष्टान्त पुष्कळांनी पुष्कळ वेळा अमक्या पुढाऱ्यास वा तमक्या पक्षास लावून दाखविला आहे. वर्गात तसे करू नये. आमचे लक्ष झुडपाकडे नसून शखेमकरांकडे आहे. त्यांनी अबीमलेखास दोन प्रश्न विचारिले नाहीत : तू आजवर काय केले आहेस, आणि ह्या अधिकाराने तू काय करणार आहेस? नाते मिळाले तेथेच विचार थांबला. तीन वर्षांनी त्याच मनुष्याने शखेम उद्ध्वस्त करून तेथे मीठ पेरिले, आणि बुरुजातील सुमारे हजार स्त्रीपुरुष आगीत मेले.

त्या आजीबाईंच्या मतदारसंघात २०२४ मध्ये जे घडले, ते ह्या दृष्टीने फार शिकवून जाणारे आहे. भरे गाव भोर विधानसभा विभागात येते आणि तो विभाग बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. १९९९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे घड्याळ हे चिन्ह तेथे दोन तपे घरोघरी ओळखीचे होते. २०२३ च्या जुलैत पक्ष फुटला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटास दिले. शरद पवार यांच्या गटास निराळे नाव आणि तुतारी वाजविणारा माणूस हे चिन्ह मिळाले. ७ मे रोजी मतदान झाले तेव्हा एका बाजूस सुप्रिया सुळे व दुसऱ्या बाजूस सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद व भावजय, उभ्या होत्या. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. कोण योग्य होते ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण पाहा : चिन्ह पाहून मत देणाऱ्याचा आधार गेला, कारण चिन्ह दुसऱ्या हाती होते, आणि घराणे पाहून मत देणाऱ्याचाही आधार गेला, कारण घराणे दोन्हीकडे होते. ज्या दोन खुंट्यांवर आपण वर्षानुवर्षे आपला विचार टांगून ठेवितो त्या दोन्ही एकाच वेळी निखळल्या. मतदारास प्रथमच खरा विचार करावा लागला, आणि आजीबाईंचा प्रश्न त्यातून आला होता. तो अडाणीपणाचा प्रश्न नव्हता.

चिन्हाविषयी आणखी एक गोष्ट. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदार होते व त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तीवर चित्र लाविले होते. चित्र हे नाव वाचता न येणाऱ्याची काठी म्हणून आले. काठीने चालावयाचे असते; कोठे जावयाचे ते काठीस विचारावयाचे नसते. आणि काठी बदललेलीही कळत नाही. त्याच २०२४ च्या निवडणुकीत साताऱ्यास तुतारी वाजविणाऱ्या माणसाचे चिन्ह असलेला उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला, आणि नुसती तुतारी, जिला लोक पिपाणी म्हणतात, ते चिन्ह असलेल्या एका अपक्षास ३७,०६२ मते पडली. दिंडोरी मतदारसंघात तसल्याच चिन्हाच्या अपक्षास लाखाहून अधिक मते मिळाली. मतदार फसले असे त्या पक्षाचे म्हणणे होते. किती फसले ते कोणी मोजू शकत नाही. परंतु ज्यांस वाचता येत नाही त्यांस मतदानाच्या आधी नमुना-पत्रिकेवर चिन्ह व उमेदवाराचे छायाचित्र दाखवून ओळख पटविणे हे काम मंडळीतील शिकलेल्या मुलामुलींनी करावे. कोणाचे चिन्ह कोठे आहे एवढेच दाखवावे. बोट त्यांचे त्यांस ठेवू द्यावे.

आता मुख्य प्रश्न : मनुष्य पाहावा की पक्ष? आमच्या मंडळ्यांत सहसा असे उत्तर मिळते की, "पक्ष कोणताही असो, माणूस चांगला पाहिजे." ऐकावयास हे ठीक वाटते, आणि ग्रामपंचायतीपुरते ते खरेही आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तेथे मनुष्यच पाहावयाचा. इथ्रोने आपला जावई मोशे ह्यास न्यायाधीश निवडण्याविषयी जो सल्ला दिला (निर्गम, अध्याय १८), त्यात लाच न खाणारे व विश्वासू असे पुरुष निवडावे असे आहे; गावच्या पंचास तीच कसोटी पुरे. परंतु लोकसभेत गेलेला मनुष्य एकटा नसतो. १९८५ मध्ये संविधानास दहावी अनुसूची जोडण्यात आली. तिच्या योगे, पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊ शकते. अर्थात तुम्ही कितीही सज्जन गृहस्थ निवडून दिला तरी, कायदा मताला पडेल तेव्हा बहुधा त्याचा हात पक्ष सांगेल तेव्हाच वर होईल. ५४३ सभासदांच्या त्या सभेत २७२ ज्यांच्या बाजूस, त्यांचे सरकार. म्हणून लोकसभेकरिता मत देताना पक्ष आधी तोलावा आणि मनुष्य मागून, असे आमचे मत आहे. आमच्या काही पाळक बंधूंस हे आवडणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

मात्र पक्ष तोलावयाचा म्हणजे त्याची घोषणा तोलावयाची नव्हे. नवा जाहीरनामा बाजूस ठेवावा आणि त्याच पक्षाचा पाच वर्षांपूर्वीचा काढून वाचावा. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने त्यातले काय केले? ज्याच्या हाती नव्हती त्याने विरोधात बसून काय केले, सभागृहात प्रश्न विचारिले की नुसता गोंगाट केला? खासदाराची हजेरी व त्याने विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतात. उमेदवाराने भरलेले शपथपत्र, ज्यात त्याची मालमत्ता, शिक्षण व त्याच्यावरील खटले लिहिलेले असतात, तेही निवडणूक आयोग सर्वांस खुले करितो; सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांनी हा हक्क मतदारास मिळाला आहे. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने पक्षांवर असेही बंधन आले की, खटले चालू असलेला मनुष्य उभा केल्यास तो का निवडला ह्याचे कारण प्रसिद्ध करावे. उपदेशकाने सर्व प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे एकाच बैठकीत, कोणतीही टीका न करिता, वाचून दाखविली तर त्यात काही वावगे नाही. एकट्याचेच वाचणे मात्र वावगे.

आणि कोणत्या कामाकरिता मनुष्य पाठवितो आहो हेही नीट समजून घ्यावे. लोकसभेच्या प्रचारात गटार, सभामंडप व वाडीचा रस्ता ह्यांची आश्वासने सर्रास दिली जातात. खासदारास स्थानिक विकासाकरिता वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. आकडा मोठा दिसतो. पण बारामती मतदारसंघात २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मतदार होते. भागाकार केल्यास दर मतदारामागे वर्षाला वीस-बावीस रुपये पडतात. तेवढ्याकरिता कोणी खासदार निवडू नये. त्याचे खरे काम कायदे करणे व सरकारला जाब विचारणे हे आहे.

हे काम गावापासून दूरचे वाटते, म्हणून मुळशीचीच गोष्ट सांगतो. १९२१ मध्ये टाटांच्या विजेच्या धरणाकरिता ह्या खोऱ्यातील जमिनी घेण्यात आल्या. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांच्या पुढारीपणाने मावळ्यांनी सत्याग्रह केला, बायकामुलांसह तुरुंग भोगिले, आणि तरीही धरण झाले. ज्या कायद्याने जमिनी गेल्या तो १८९४ चा होता. तो करणाऱ्यांस ह्या शेतकऱ्यांच्या मताची गरज नव्हती. पुढे मताधिकार आला तोही मालमत्ता असणाऱ्या थोड्यांसच होता. तो कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला. तो रद्द करून संसदेने २०१३ मध्ये नवा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात खाजगी कंपनीकरिता जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ऐंशी कुटुंबांची आधी संमती पाहिजे, असे कलम आहे. १९२१ साली असे कलम असते तर मुळशीच्या खोऱ्यात काय घडले असते, ह्याचा वर्गाने विचार करावा. पुण्याभोवतीच्या चक्राकार रस्त्याकरिता ह्या तालुक्यातील कित्येक गावांच्या जमिनींस खुणा झाल्या आहेत. भूमीचा कायदा कोण करितो आणि कोण मोडितो, हा प्रश्न गटाराच्या प्रश्नाहून भऱ्याच्या शेतकऱ्यास जवळचा आहे.

येथे कोणी विचारील, आम्हां ख्रिस्ती लोकांचे असे काही प्रश्न नाहीत काय? आहेत. संविधानाच्या २५ व्या कलमाने दिलेले धर्मस्वातंत्र्य पक्ष कसे समजतात, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाहीत; आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घरांस ह्याची झळ रोज लागते. ह्याविषयी प्रत्येक उमेदवारास, आपल्या आवडत्यासही, सरळ विचारावे. पण एवढेच विचारून थांबलो तर आपण शखेमच्या वेशीवर उभे आहो असे समजावे. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ पैकी ३ जागा भारतीय ख्रिस्ती लोकांकरिता निराळ्या होत्या, आणि ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवारासच मत द्यावयाचे होते. संविधानसभेत, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेन्द्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती असून, धर्मावरून राखीव जागा नकोत ह्या बाजूस उभे राहिले, आणि १९४९ च्या मे महिन्यात त्या जागा सोडून देण्यात आल्या. त्यात तोटा झाला असे अजूनही म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण शेकडा एकाहूनही किंचित कमी आहो. एवढ्याशा समाजाची गठ्ठा मते कोणी पुढारी विकावयास निघाला तर ती फार स्वस्तात जातात, आणि पैसे मंडळीच्या हाती येत नाहीत.

पैशाविषयी बोलणे निघालेच आहे. दुसऱ्या एका गावी, सभा संपल्यावर, एक बंधू मागे राहिला. त्याने घरातल्या चार मतांकरिता पाकीट घेतले होते. शेजारच्यांकडून बेलभंडारा उचलवून घेतला होता; हा ख्रिस्ती, म्हणून ह्याच्याकडून पवित्र शास्त्रावर हात ठेववून घेतला. आता त्याचे मन दुसरीकडे ओढत होते, आणि शपथ मोडली तर मुलाबाळांवर काही येईल काय, अशी त्यास धास्ती होती. आम्ही त्यास त्याच शास्ते पुस्तकातील अकरावा अध्याय काढून दिला. इफ्ताहाने विचार न करिता नवस बोलला आणि तो पाळण्याकरिता एकुलत्या एक मुलीस मुकला. तो नवस पाळिला म्हणून त्याचे कोणी भले म्हणत नाही. चुकीच्या गोष्टीची शपथ घेणे हे पाप, आणि ती पाळणे हे दुसरे पाप. कायद्याने मताकरिता पैसे देणारा व घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. आम्ही त्यास म्हणालो, "पाकीट परत दे आणि मत तुझ्या मनाप्रमाणे दे." तो म्हणाला, "साहेब, त्यातले दोनशे खर्च झाले." ते त्याने उसने काढून भरले. परत नेऊन देताना त्यास किती लाज व किती भीती वाटली असेल ती आम्ही जाणतो. त्याच्या जागी आम्ही असतो तर धजलो असतो की नाही, सांगता येत नाही.

कोणी भीती घालतात की, यंत्रातून कळते. एका मनुष्याने कोणास मत दिले ते कळत नाही. बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती तुमच्या खात्रीकरिता असून मोहोरबंद पेटीत पडते. एवढे मात्र खरे की, मोजणी केंद्रवार होते, म्हणून एका केंद्रावर एकंदर मते कोठे गेली ते पुढाऱ्यास समजते. लहान वाड्यांवरील लोकांस ह्याचा धाक वाटतो. पण केंद्र एक असले तरी त्यातील बोटे शेकडो असतात. आणि कोणीच पसंत नसल्यास यंत्रावर शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ पासून आहे. त्याने कोणी पडत नाही, म्हणून ते सहसा दाबू नये असे आम्हांस वाटते.

हे सर्व ज्याचे नाव यादीत आहे त्याच्याकरिता. पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडील प्रांतांत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण अमक्याची बायको किंवा तमक्याची आई ह्यापलीकडे त्यांनी आपले नावच सांगितले नाही. आपल्या मंडळ्यांत अडचण निराळी आहे : बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेले नाव एक, रेशनकार्डावरील दुसरे, शाळेच्या दाखल्यावरील तिसरे. शिवाय पिरंगुटाकडच्या कारखान्यांत कामास आलेल्या पुष्कळ तरुणांची नावे अजून मूळ गावीच आहेत. नव्या नावाकरिता नमुना ६ आणि पत्ता बदलण्यास किंवा नाव दुरुस्त करण्यास नमुना ८ भरावयाचा असतो. आता १ जानेवारीबरोबरच १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर ह्या तारखांस अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांसही अर्ज करिता येतो. उपदेशकाने मंडळीची वही व मतदारयादी शेजारी ठेवून एकदा ताळा करावा, आणि जी नावे जुळत नाहीत ती केंद्राच्या अधिकाऱ्याकडे घेऊन जावे. भऱ्याच्या त्या आजीबाईंचे नाव यादीत नीट आहे. ते आम्ही पाहिले आहे.